चियांग माईला मार्चमध्येही भेटून या

ताई, नमस्कार.

डिसेंबरात मी, नवरा आणि आमचा सात वर्षांचा मुलगा असे तिघं थायलंडच्या उत्तरेला चियांग माईत बारा दिवस राहून आलो. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याचं काम पूर्णपणे लॅपटॉपवर चालतं आणि कंपनीने कुठूनही काम करायची मोकळीक दिली आहे. माझं भाषांतराचं काम घरूनच असतं. तिथली पहाटेची थंडी, जुन्या शहराभोवतीचा खंदक, गल्लीगल्लीतले विहार, हॉर्न न वाजवता चालणारी वाहतूक, माणसांचं हळू आवाजातलं बोलणं... ठाण्यात परतल्यावर पहिल्याच सिग्नलला मला रडू आलं. हसू नका.

हांग दोंगच्या बाजूला बाग असलेलं एक जुनं सागवानी घर आम्ही पाहून ठेवलं आहे. घरमालकीण महिन्याच्या बोलीवर २२ हजार बाट म्हणते, पण १ फेब्रुवारीपासून वर्षाचा करार केला तर १६ हजारांत द्यायला तयार आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. सासूबाई मार्चमध्ये महिनाभर येऊन राहतील, म्हणजे त्यांचंही फिरणं होईल.

तिथे उन्हाळ्यात धूर असतो असं वाचलं. नवरा म्हणतो, आपल्याकडची हवा तरी कुठे स्वच्छ आहे? तिथले लोक राहतातच ना? दोन एअर प्युरिफायर घेऊ, संपलं. मला ते पटतंही आणि पटतही नाही. मुलाला बालदमा आहे, गेल्या वर्षात दोनदा पंप लागला, एरवी ठीक असतो. काय करावं?

— ठाण्याची एक वाचक

*

सिग्नलला रडलात त्यावर हसणार नाही. मी त्या शहरात चौदा महिने राहून आले आहे. परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी रिक्षावाल्याला सुटे पैसे देताना हात जोडून, मान लववून नमस्कार केला होता. त्याने काळजीने विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं, की खंदक आला, विहार आले, बाग आली, भाड्याचा आकडा आला, सासूबाईंचा प्रवासही आला, आणि मुलाचा दमा आला तो शेवटून दुसऱ्या वाक्यात, "एरवी ठीक असतो" अशी शेपटी लावून. ज्या गोष्टीने निर्णय फिरेल अशी भीती असते ती माणूस असाच शेवटी आणि घाईत लिहितो. मीही तेच केलं असतं. पण या पत्राचं उत्तर त्या वाक्यापासूनच सुरू करावं लागेल.

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. १ फेब्रुवारीचा करार करू नका. शहराचा नाद मात्र सोडू नका.

कारण तुम्ही बघितलंत ते खोटं नव्हतं. मंगराय राजाने १२९६ साली वसवलेल्या या गावाच्या नावाचा अर्थच 'नवं शहर' असा आहे. सातशे वर्षं उलटली तरी ते नवंच, आपल्या पुण्याच्या नवी पेठेसारखं. वात चेदी लुआंग या विहारातला तो विटांचा प्रचंड स्तूप तुम्ही पाहिला असेलच. १५४५ च्या भूकंपात त्याचं शिखर कोसळलं ते कोसळलंच; पुन्हा नवं टोक चढवायची कुणाला घाई झाली नाही. त्याच आवारात तरुण भिक्खू झाडाखाली टेबल मांडून बसतात आणि कुणाही परक्याशी इंग्रजी सुधारण्याच्या निमित्ताने तासभर गप्पा मारतात. मला त्या शहराचा स्वभाव तिथे कळला. खाओ सोय खाताना वरच्या कुरकुरीत शेवया आधी संपवायच्या की रश्शात बुडवायच्या, यावर माझा शेजारणीशी चौदा महिने वाद चालू होता.

आणि एक सांगते, जे बारा दिवसांत दिसत नाही. तिथला सगळ्यात सुंदर काळ माझ्या मते डिसेंबर नाहीच. जुलै ते सप्टेंबर. पर्यटक पांगलेले असतात, भातखाचरं भरलेली, दुपारी धो धो पाऊस आणि संध्याकाळी डोई सुथेप डोंगर इतका जवळ आलेला, की वरच्या देवळाचा सोनेरी कळस गच्चीवरून दिसतो. हवा अशी धुतलेली असते की पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा कित्येक दिवस एक अंकी राहतो. (पावसाचाही हिशेब ठेवायला हवा, ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदीने विक्रमी पातळी गाठली आणि बाजारपेठेत पाणी शिरलं. नदीकाठी तळमजल्यावर घर घेऊ नका, एवढंच.) मग नोव्हेंबरात पौर्णिमेला यी पेंग हा दिव्यांचा सण येतो. बहुतेक वर्षी ती आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. आपण नदीत दिवे सोडतो तसे तेही केळीच्या खोडाच्या चकतीवर दिवे सोडतात, आणि शिवाय आकाशातही. सासूबाईंना बोलवायचं तर तेव्हा बोलवा.

मार्चमध्ये नको. का, ते सांगते.

माझा पहिला फेब्रुवारी असा गेला: दुसऱ्या आठवड्यात डोंगराचा पायथा पुसट झाला. मग देऊळ दिसेनासं झालं. महिनाअखेर डोंगरच नव्हता. तिथले लोक सकाळी दार उघडून पश्चिमेकडे बघतात आणि 'आज डोंगर आहे' किंवा 'आज डोंगर नाही' एवढंच म्हणतात; यंत्रं येण्याच्या आधीपासूनचं त्यांचं मापक ते. मार्चमध्ये दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जळक्या पानांची कात्रणं येऊन पडू लागली. भर दुपारी सूर्याकडे चंद्राकडे बघावं तसं बघता यायचं. घसा कायम खरवडलेला, डोळे चुरचुरणारे, आणि उशीलाही शेकोटीचा वास. या काळाला थाईत 'मोक क्वान' म्हणतात, म्हणजे धुकं आणि धूर. नाव सौम्य आहे.

धूर येतो कुठून? कोकणातल्या माणसाला हे पटकन कळेल. आपल्याकडे भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजतात, आणि गवत चांगलं येतं म्हणून डोंगराला वणवे लावतात. तिकडेही तसंच आहे, फक्त आवाका कल्पनेपलीकडचा. डोंगरउतारावर पशुखाद्यासाठी मका लावलेला असतो. काढणीनंतर ताटं जाळली जातात, कारण त्या चढावर यंत्र जात नाही आणि मजूर परवडत नाहीत. सखलात भाताचं पिंजर आणि ऊस. पानगळीच्या जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुक्या पानांचा थर साचतो, त्याला आग लागते किंवा लावली जाते. जळलेल्या जमिनीवर 'हेत थोप' नावाची महागडी अळंबी चांगली सापडते असा समज आहे, तेही एक कारण. शिवाय सीमेपलीकडे म्यानमारच्या शान प्रांतात आणि लाओसमध्ये हेच सगळं चाललेलं असतं, आणि धुराला व्हिसा लागत नाही. डोंगरातल्या आदिवासी शेतकऱ्यावर सगळं खापर फोडणारे लोक तुम्हाला शहरातल्या कॅफेत भेटतील. त्या मक्यावर वाढलेली कोंबडी त्याच कॅफेत ताटात असते, हे त्यांना आठवत नाही.

हा सगळा धूर साचतो एका बशीत. चियांग माई सुमारे ३०० मीटर उंचीवरच्या खोऱ्यात आहे, भोवती डोंगर. आपल्याकडे थंडीत संध्याकाळी चुलींचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरतो ना, तेच तिथे आठवडेच्या आठवडे होतं. वर गरम हवेचं झाकण बसतं, खाली वारा पडलेला असतो. प्रशासन दरवर्षी जाळण्यावर बंदी घालतं. मग काही जण बंदीच्या आधी जाळून घेतात, काही नंतर. सुटका करतो तो पाऊस. एप्रिलमध्ये एखादी वादळी सर येऊन जाते, खरा दिलासा मेमध्ये.

सगळी वर्षं सारखी नसतात. २०१९, २०२३, २०२४ वाईट गेली, २०२२ मध्ये तुलनेने बरं होतं. म्हणूनच एखादा ओळखीचा सांगेल, "छे, आम्हाला काही त्रास झाला नाही." तो कुठल्या वर्षी होता ते विचारा.

आता तुमच्या यजमानांचे मुद्दे. ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही, अर्धवट आहेत.

'आपल्याकडची हवा तरी कुठे स्वच्छ आहे?' नाहीच. ठाण्याची हिवाळ्यातली हवा काय असते ते मला सांगायला नको. पण तुलना करताना आधी फोनवरचं ॲप नीट वाचायला हवं, कारण त्यात मोठी गफलत होते. समजा हवेत एका घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे. भारतीय निर्देशांकात त्याचा आकडा ९२ च्या आसपास येतो आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. अमेरिकन निर्देशांकात तीच हवा जवळपास १५० दाखवते आणि दमेकऱ्यांनी जपावं असं बजावते. हवा तीच, परीक्षक वेगळा. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. थायलंडची पूर्वी ५० होती, जून २०२३ पासून ३७.५ झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते १५. तेव्हा निर्देशांक सोडा, मायक्रोग्रॅम बघा. थायलंड सरकारचं 'एअर फोर थाई' हे ॲप आहे, चियांग माई विद्यापीठाच्या हवा मोजणाऱ्या 'डस्टबॉय' यंत्रांचं जाळं गावोगावी आहे, आणि आगी कुठे लागल्यात ते नासाच्या 'फर्म्स' नकाशावर लाल ठिपक्यांनी दिसतं. मार्चमधला तो नकाशा एकदा उघडाच. गोवर आल्यासारखा दिसतो.

चियांग माईचे वाईट दिवस शंभर मायक्रोग्रॅमच्या पुढे जातात, आणि असे दिवस लागोपाठ येतात. वर्षाची सरासरी काढून दोन शहरं शेजारी ठेवली तर पावसाळ्याचे स्वच्छ महिने मार्चला झाकून टाकतात आणि सगळं बरं दिसतं. तुमचा मुलगा श्वास घेणार त्या दिवशीच्या हवेत. दम्याचं दुखणं तर असं, की दहा महिने काही होत नाही आणि एका रात्री होतं. ती रात्र ठाण्यात आली तर तुमचे डॉक्टर त्याला जन्मापासून ओळखतात. परदेशात आली तर? चियांग माईत रुग्णालयं चांगली आहेत, त्याची चिंता नको, पण आधीपासूनच्या आजाराला विमा लागू आहे का हे पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत बघा. मी भरवशावर राहिले होते. माझ्या जुन्या सायनसच्या दुखण्याचे पैसे मिळाले नाहीत.

'तिथले लोक राहतातच ना?' राहतात, आणि त्यांना हे मान्य आहे असं समजू नका. १० एप्रिल २०२३ ला तिथल्या नागरिकांनी चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयात थेट पंतप्रधानांविरुद्ध दावा लावला, की तुम्ही तुमचे अधिकार वापरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला ९० दिवसांत तातडीचा आराखडा करायला सांगितला. त्याआधीच्या डिसेंबरात विद्यापीठातला एक तरुण डॉक्टर फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला. धूम्रपान न करणारा, ऐन अठ्ठाविशीत निदान झालेला. एका माणसाचा कर्करोग धुरानेच झाला असं कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण सगळं शहर त्याच्याबद्दल बोलत होतं, कारण प्रत्येकाला आपलं कुणीतरी आठवत होतं. फुटपाथवर सॉसेज भाजणारी बाई मार्चमध्ये कुठे जाणार? तिला पर्याय नाही म्हणून ती राहते. ज्यांना आहे ते जातात. शहरातल्या निम्मान भागातल्या कॅफेंमधले लॅपटॉपवाले फेब्रुवारीत हळूहळू कमी होतात, दक्षिणेच्या बेटांवर किंवा व्हिएतनामच्या किनाऱ्यावर सरकतात.

इथे थांबून घरमालकिणीकडे वळू. १ फेब्रुवारीपासून वर्षाचा करार केला तर सहा हजारांची सूट. का हो? ती बाई वाईट आहे असं नाही, तिचा हिशेब साधा आहे: फेब्रुवारी ते एप्रिल तिचं घर रिकामं पडतं, आणि डिसेंबरात प्रेमात पडलेला भाडेकरू ते तीन महिने भरून देऊ शकतो. तुम्हाला मिळणारी सूट धुराची आहे.

आणि ते घरच मुळात. सागवानी, खांबांवरचं, फळ्याफळ्यांमधून वारा खेळणारं, झडपांच्या खिडक्यांचं. मला दिसतंय ते, मलाही तसंच हवं होतं. उन्हाळ्यातला उष्मा बाहेर जावा म्हणूनच त्या घरांना फटी ठेवलेल्या असतात, आणि प्युरिफायर चालतो फक्त बंद खोलीत. फटींच्या घरात दोन यंत्रं लावणं म्हणजे गळकी घागर नळाखाली धरणं.

तरी प्युरिफायरबद्दल यजमानांचं अगदीच चूक नाही. नीट बंद होणाऱ्या खोलीत बारीक कण अडवणारा चांगला हेपा फिल्टर कमाल काम करतो. चार मीटर बाय तीन मीटरची, पावणेतीन मीटर उंचीची खोली धरा. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राने ताशी साधारण १६५ घनमीटर स्वच्छ हवा द्यायला हवी. प्रत्यक्षात दुप्पट क्षमतेचं घ्या, कारण पूर्ण वेगावर त्याचा आवाज मिक्सरसारखा होतो आणि रात्री माणूस तो कमी करतोच. खोलीला लावलेला एसी धूर गाळत नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. पण ही सगळी तयारी करून तुम्हाला काय मिळतं? एक स्वच्छ खोली. तुमच्यासारखी लॅपटॉपवर काम करणारी दोन मोठी माणसं तीत आठ आठवडे काढतील, चिडचिड करत का होईना. सात वर्षांचा मुलगा काढेल का? तो शाळेत जाणार, मधल्या सुट्टीत धावणार. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि एन ९५ मास्क त्या चिमुकल्या तोंडावर नीट बसतच नाही. गालाशी फट राहते.

'दोनदा पंप लागला, एरवी ठीक' हे वाक्य घेऊन आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांना सरळ विचारा: शंभर मायक्रोग्रॅमच्या हवेत सलग आठ आठवडे, चालेल का? दोनदा लागला तो कशामुळे, थंडीने, सर्दीने की धुळीने? रोजचं प्रतिबंधक औषध लागतं का, त्रास वाढला तर कुठल्या पायरीला काय करायचं, हे कागदावर लिहून घ्या. हा कागद ठाण्यातही लागणारच आहे. ते ठाम नाही म्हणाले तर बाकीचं पत्र वाचायची गरज नाही; तुमच्या घरात या बाबतीत नकाराधिकार सगळ्यात कमकुवत फुफ्फुसाला आहे, आणि ते सध्या दुसरीत शिकतं.

ते हो म्हणाले असं धरून पुढे जाते.

माझा सल्ला वर्षाचा नाहीच, सहा महिन्यांचा आहे. ऑगस्ट ते जानेवारी. यात एक सोय आपोआप साधते. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला: मुदत पाच वर्षं, दर प्रवेशाला १८० दिवस, खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. (नियम वरचेवर बदलतात, अर्जाआधी दूतावासाकडून खात्री करा.) १ ऑगस्टला उतरलात तर १८० वा दिवस २७ जानेवारीला येतो. म्हणजे डोंगर पुसट व्हायच्या आत सरकारच तुम्हाला घरी पाठवतं. पावसाळ्याचा उत्तरार्ध, हिरवी भातं, यी पेंग, थंडी, सगळं त्यात येतं.

पैशाचंही बघा. सोळा हजारांनी बारा महिने म्हणजे १,९२,००० बाट. त्यातले फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे ४८,००० बंद घराचे, कारण तुम्ही पळालेल्या असाल, आणि बेटावरचं भाडं वेगळं. बावीस हजारांनी सहा महिने म्हणजे १,३२,०००. सूट न घेता स्वस्त पडतं.

शाळेचं मात्र सोपं नाही, ते गोड करून सांगणार नाही. तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळा ऑगस्टला सुरू होतात हे तुमच्या पथ्यावर आहे, पण मार्च भर सत्रात येतो. एकाच सत्रासाठी प्रवेश देतात का ते विचारावं लागेल, आणि ठाण्याच्या शाळेला फेब्रुवारीत परत घ्याल का, तेही. दुसरी-तिसरीत हे जमतं. सातवीत जमणार नाही. कायमचं तिथेच राहायचं स्वप्न असेल, तर दरवर्षी आठ-दहा आठवडे मुलाची शाळा बुडवून शहर सोडायची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी ते दोन वर्षं केलं, तिसऱ्या वर्षी कंटाळून समुद्राकाठी कायमचं बिऱ्हाड हलवलं. बँकॉकला सरकायचा विचार करू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याची स्वतःची धुळीची साथ असते.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एक करा. डिसेंबरातली भेट म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. शहर शालू नेसून समोर बसलं होतं. आता मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघंच पाच दिवस जाऊन या. मुलाला ठाण्यात सासूबाईंजवळ ठेवा, त्यांचा मार्चही सत्कारणी लागेल. पीएम २.५ मोजायचं छोटं यंत्र बरोबर न्या. ज्या कॅफेच्या बाहेर बसून तुम्हाला 'इथेच राहू या' असं वाटलं, तिथेच बाहेर बसा, आतमध्ये नाही. मनात असलेल्या शाळेत मधल्या सुट्टीच्या वेळी जा. वर्गात प्युरिफायर आहेत का, आणि कुठल्या आकड्याला मुलांना मैदानावरून आत घेतात, हे विचारा. आकडा पटकन सांगणारी शाळा बरी. "आम्ही परिस्थिती बघून ठरवतो" म्हणणारीचा माहितीपत्रक-फोल्डर तिथेच ठेवून या. नेमका त्या आठवड्यात पाऊस झाला आणि डोंगर लख्ख दिसला तर हुरळू नका. मागच्या तीस दिवसांची डस्टबॉयवरची नोंद काढून बघा.

मग संध्याकाळी खंदकाच्या काठाने चाला. तरीही ते शहर आवडलं, तर ते खरोखरच आवडलंय. मला आवडलं होतं. मी मुलाबिलांची नव्हते, तरी दुसऱ्या मार्चला थांबले नाही.

घरमालकिणीला महिनाअखेर असं कळवा: वर्षाचा करार जमणार नाही, १ ऑगस्टपासून सहा महिन्यांचा हवा, आणि झोपायच्या एका खोलीच्या फटी नीट बुजवून द्या, त्याचा निम्मा खर्च आम्ही देऊ. नम्रपणे, हसून लिहा, तिथे आवाज चढवलेला चालत नाही. ती नाही म्हणाली तर लगेच दुसरं शोधू नका. मार्चमध्ये तुम्ही जाणारच आहात. संध्याकाळी त्या गल्लीत चक्कर मारा आणि दिवा लागलाय का ते बघा.